हांगरेच्या बंकरात घेतलेलं नाव

ही घटना खरी आहे.

पटत नसेल त्यानं वेवाकला यावं. पापुआ न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावरचं आमचं शहर. तिथून लाल मातीच्या रस्त्यानं डोंगरात, रस्ता संपेपर्यंत. शेवटचं गाव वारिम्बो. कुणालाही विचारावं, ओतमारचं घर कुठलं. तो ओट्यावर बसवेल, सुपारी देईल, चुना देईल. मग हळूच विषय काढावा...

पण नाव विचारू नये. कुणाचं, ते कळेलच.

ओतमार माझा मामा. जे घडलं ते त्याच्या बाबतीत घडलं. मी जन्मायच्या आदल्या वर्षी. ऑगस्टात. भर दिवसा.

भर दिवसा, हे मुद्दाम लिहितेय. मध्यरात्र, कुत्र्यांचं रडणं, यातलं काही नव्हतं. वर लख्ख ऊन होतं.

या गोष्टीत दुसरा एक माणूस आहे. त्याचं नाव मी लिहिणार नाही. जिथे येईल तिथे जागा मोकळी सोडेन. अशी:

———

वाचताना ती जागा मनातसुद्धा भरू नका.

*

आमच्याकडे पुरुष बहिणीच्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत. बायकोच्या भावाचंही नाही. दोघं एकमेकांना 'तांबू' म्हणतात. तांबू म्हणजे मेहुणा. आणि तांबू म्हणजे मनाई. दोन्हीला शब्द एकच, यावरून काय ते समजा.

चुकून नाव निघालं तर डुक्कर द्यावं लागतं. पण डुकराला कोण घाबरतो? घाबरतात ते दुसऱ्याच कशाला तरी. कशाला, ते कुणी सांगत नाही.

मामाचे तांबू म्हणजे त्याच्या बहिणीचे, रेजिनाचे, यजमान. रेजिना माझी आई.

तांबू किनाऱ्यावरचे. मासे खाऊन वाढलेले. लग्नानंतर आमच्या डोंगरात राहायला आले. त्यांचं नाव एका पक्ष्याचं होतं. त्यामुळे मामाची रोज पंचाईत. तो पक्षी डोक्यावरून गेला तरी मामाला त्याचं नाव घ्यायची चोरी.

"तो बघा तांबू, तो... चोचवाला."

"कोण चोचवाला?" तांबू मुद्दाम विचारायचे.

"तो हो. धापा टाकत उडतो तो."

"नाव काय म्हणालात?"

"डुक्कर द्यायला लावणार तुम्ही मला एक दिवस!"

आणि दोघं पोट धरून हसायचे. सख्ख्या भावांमध्ये नसेल इतकी माया. पण नाव? कधीच नाही. दारू चढल्यावर नाही, भांडणात नाही, झोपेतसुद्धा नाही.

हे लक्षात ठेवा. पुढे लागेल.

*

गावामागच्या कड्याला आम्ही हांगरे म्हणतो. भूक.

जपान्यांच्या युद्धात, अगदी शेवटी, त्या कड्यात सैनिक दडले होते. गोळ्या होत्या, खायला नव्हतं. कमरेचे पट्टे उकळून खायचे, असं म्हातारे सांगत. कडा आतून पोखरलेला. बंकर, भुयारं, पुन्हा बंकर. ऑस्ट्रेलियाचे सैनिक वर आले आणि त्यांनी तोंडं उडवून बुजवली. आतले आत राहिले.

एक बंकर तेवढा उघडा होता. दर वर्षी जपानहून माणसं यायची. आपल्या माणसांची हाडं शोधायला. गावात त्यांना 'हाडंवाले' म्हणत. त्यांना कड्यावर नेणं, बंकर दाखवणं, सापडलेली हेल्मेटं आणि डबे मांडून ठेवणं, हे मामाचं काम.

त्यांच्यात एक हात्सुए आजी असायची. तिचा मोठा भाऊ इथे गेला. ती बंकरच्या तोंडाशी उभी राहायची. उदबत्ती लावायची, मूठभर भात ठेवायची. मग एवढ्याशा देहातून केवढ्याने तरी हाक मारायची.

"तामोत्सु दादाऽऽ! मी आलेय रे! चल घरी!"

मामा तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा असायचा. एकदा त्यानं दुभाष्याकरवी विचारलं, "आजी, ऐकू जातं का त्यांना?"

आजी म्हणाली, "युद्ध संपलं, हे आत बसलेल्यांना कसं कळणार? नावानं हाक आली, की समजतं घरचं कुणी आलंय. मग निघतात."

"आणि ज्याचं कुणी येतच नाही, तो?"

आजी मामाकडे वळली.

मामाच्या हातून छत्री घेतली आणि मिटली.

*

त्या वर्षी जुलैत मोठा भूकंप झाला. कड्याची एक बाजू घसरली. आणि जिथे कधी काही नव्हतं तिथे एक भोक दिसायला लागलं.

माणूस बसून आत जाईल एवढं.

हाडंवाले पुढच्याच आठवड्यात यायचे होते. म्हातारी माणसं ती. आतली जमीन धड आहे का, छत टिकेल का, हे आधी बघायला हवं. मामा निघाला. तांबू म्हणाले, मीही येतो.

आई अंगणात साबूच्या झाडाचा गर धुऊन गाळत होती. तिनं मान वर केली.

"ओतमार, हा माणूस काल कुंपणावरून उतरताना पडलाय. त्याला कड्यावर नेतोस?"

"मी पडलो नाही," तांबू म्हणाले. "कुंपण खाली गेलं."

"ऐकलंस? असला एकच नवरा आहे मला." आईनं ओला हात मामाकडे रोखला. "जसा नेतोयस तसा परत आण."

"आणतो गं बाई."

"जसाच्या तसा."

हे ती दोनदा म्हणाली. मामाला अजून आठवतं. आईला आठवत नाही म्हणते.

*

चढताना तांबूंची दमछाक झाली.

"काय तांबू, गुडघ्यातलं खोबरेल संपलं?"

"तुमच्या डोंगराला आधी पायऱ्या करा. मग बोला."

डोक्यावरून तो पक्षी गेला. जोडीनं. पंखांचा आवाज... हुश्श... हुश्श... दमलेला माणूस श्वास घेतो तसा. मामानं वर बघितलं आणि गप्प राहिला. तांबूंनी कोपरानं ढोसलं. "सांगा की, कोण होतं?"

"तुमचे पाव्हणे."

इतकंच. दोघं मिळून हसले, ते शेवटचं.

भोकाशी पोचल्यावर मामा थांबला. एक रीत राहिली होती.

आमच्या डोंगरात नव्या जागी शिरताना जमिनीला सांगावं लागतं. कोण आलंय. मालकानं आपलं नाव सांगायचं, बापाचं सांगायचं. बरोबर परका असेल तर त्याचंही नाव मालकानंच सांगायचं. जमीन नाव ओळखते. नाव कळलं, की माणूस जसा आत गेला तसा बाहेर येतो.

मामा खाली वाकला.

"मी ओतमार. सिराउचा मुलगा. ही माझ्या आजोबांची जागा. आम्ही बघायला आलोय, काही नेणार नाही. आणि हे..."

थांबला.

नाव कसं सांगणार?

एरवी अशा वेळी आमची बेर्था मावशी बरोबर असायची. तिला तांबूंचं नाव घ्यायला मनाई नव्हती. तीच सांगायची. त्या दिवशी मावशी तापानं फणफणली होती. आणि परक्यानं आपलं आपण सांगायचं नसतं.

"...आणि हे माझे तांबू," मामा म्हणाला.

"बास?" तांबू हसले. "वेवाकला या नावाची शंभर माणसं आहेत. जमिनीचा गोंधळ होईल हो."

"होत नाही गोंधळ. चला."

गोंधळ झाला.

*

आत उभं राहता येत होतं.

पहिली गोष्ट मामाच्या ध्यानात आली ती...

वटवाघळं नव्हती.

जुन्या बंकरात पाऊल टाकलं की ती तोंडावर येतात. इथे एक नाही. डास नाहीत. कोळ्याचं जाळं नाही. छतातून झाडांची मुळं खाली आली होती. पण एका उंचीवर येऊन सगळी थांबली होती. माणसाच्या डोक्याच्या जरा वर. सारखी.

छाटल्यासारखी.

"स्वच्छ आहे की," तांबू म्हणाले. "आमच्या घरापेक्षा बरं. रेजिनाला दाखवायला हवं."

"तिला असं बोलून दाखवा. मग इथेच राहायला या."

बॅटरी तांबूंकडे होती. मामाकडे झावळीची चूड. उजेडात एकेक वस्तू दिसत गेली. गंजलेलं हेल्मेट. औषधाच्या निळ्या बाटल्या. वाकलेला चमचा. जपानी बुटांचे रबरी तळवे, अंगठ्यापाशी फाटा असलेले. चामडं कुठेच नव्हतं. तळवे होते, कमरेचे पट्टे नव्हते. का, ते मामाला ठाऊक होतं.

पुढे भुयार दोन वाटांनी फुटलं.

"तुम्ही इथे थांबा," तांबू म्हणाले. "मी उजवीकडे बघून येतो. वळणापर्यंतच."

"ठोका देत राहा."

रानात आम्ही असंच करतो. कोयत्याच्या पाठीनं दोन ठोके. ऐकणाऱ्यानं दोन द्यायचे. म्हणजे सगळं ठीक.

तांबू गेले. उजेड वळणावरून नाहीसा झाला.

ठक ठक.

मामानं भिंतीवर कोयता मारला. ठक ठक.

जरा वेळानं, लांबून... ठक ठक.

ठक ठक.

आणि जमीन हलली.

मोठा धक्का नव्हता. मोठ्या भूकंपानंतर असे येतच राहतात. माती पडली. धूळ उठली. चूड विझली. मामा भिंतीला पाठ लावून खाली बसला. थांबलं. कान देऊन ऐकलं.

काही नाही.

ठक ठक.

...

"तांबू!"

आवाज घुमलासुद्धा नाही. भुयारात आवाज घुमतो. हा नुसता गेला. कुणी तोंडावर हात ठेवावा तसा.

ठक ठक.

...

मग उत्तर आलं.

ठक ठक ठक.

तीन.

आणि डावीकडून.

*

इथे मामा सांगता सांगता नेहमी थांबतो. चुन्याची डबी उघडतो, मिटतो.

पुढचं त्यानं तिघांना सांगितलं. तिघांना वेगवेगळं.

माझ्या आईला:
"हाक मारली. आला."

मिशनच्या फादरला:
"हाक मारली, पण नावानं मारली, फादर. आमच्यात मोठं पाप आहे ते. तुमच्यात नसेल."
फादर म्हणाले, देवानं नावं हाका मारायलाच दिलीत. मामा बरं म्हणाला आणि परत कधी त्या विषयावर त्यांच्याकडे गेला नाही.

मला, मी मोठी झाल्यावर, एकदाच:

अंधारात तो काडी पेटवायचा प्रयत्न करत होता. तेवढ्यात डाव्या भुयारातून हाक आली.

"ओतमार..."

आवाज तांबूंचा.

अगदी तांबूंचा. तोच जरा नाकातला, किनाऱ्यावरचा हेल.

मामा उठणार होता. पाय उचललाही होता. आणि तसाच परत खाली ठेवला.

तांबू त्याला नावानं हाक मारणार नाहीत. मरत असतील तरी नाही.

"ओतमार... इकडे ये..."

मामानं मनगट दातांत धरलं. उत्तर दिलं नाही. ते नाव आत कुणाला माहीत होतं? कुणालाच नाही. मग त्याला आठवलं. त्यानंच तर सांगितलं होतं. भोकाशी वाकून. मी ओतमार, सिराउचा मुलगा.

आतल्यांकडे एक नाव होतं.

दुसरं नव्हतं.

*

तो उजवीकडे गेला. भिंत धरून, काड्या ओढत.

वळणापलीकडे उजेड दिसला. बॅटरी जमिनीवर पडलेली. पेटलेली. तिचा झोत भिंतीच्या कडेला.

तिथे तळवे मांडले होते.

ते फाटा असलेले रबरी तळवे. जोडी जोडीनं. ओळीत. टाचा बाहेर, बोटं भिंतीकडे. घरात शिरताना माणसं चपला काढून ठेवतात तसे.

ओळीच्या शेवटी तांबूंचे गमबूट.

चिखल ओला होता. नीट जोडून ठेवलेले. बोटं भिंतीकडे.

आणि भिंतीत एक फट. आडवी. माणूस पोटावर सरपटला तर जेमतेम जाईल अशी.

मामानं फटीत बॅटरी धरली. उजेड आत गेला. कशालाच लागला नाही.

"तांबू!"

काही नाही.

"तांबू, मस्करी पुरे! रेजिना मला जिवंत ठेवणार नाही!"

काही नाही.

हात घातला. हवा गार होती. ओढत होती. आत ओढत होती, बाहेर नाही.

मामा काय करू शकत होता? परत फिरला तर बहिणीला काय सांगणार? तिचे ओले हात त्याच्या डोळ्यांपुढे आले. जसाच्या तसा. आणि हात्सुए आजी आठवली. नावानं हाक आली, की समजतं घरचं कुणी आलंय. मग निघतात.

'तांबू' ही काही हाक नव्हे. तांबू कुणीही असतो.

त्यानं तोंड फटीला लावलं. आयुष्यात पहिल्यांदा, पूर्ण, मोठ्यानं...

———

———ऽऽ!

सगळं थांबलं. धूळ पडायची थांबली.

मग आतून आवाज आला...

हुश्श...

हुश्श...

पंखांसारखा. जमिनीखाली, दगडात, तो पक्षी उडत येत असावा तसा. जवळ. आणखी जवळ. मग मामाला कळलं, हे पंख नाहीत. श्वास आहे. कुणीतरी दमून येतंय. फार लांबून.

फटीतून एक हात बाहेर आला.

मामानं तो धरला. ओढला.

*

बाहेर अजून ऊनच होतं.

बाबा दगडावर बसले होते. हो, आता मी त्यांना बाबाच म्हणते. पायात बूट नव्हते. बूट आणायला परत जायचं मामाच्या मनातही आलं नाही. बाबा आपले हात उलटेसुलटे करून बघत होते. कपाळावर खरचटलं होतं. बाकी काही नाही.

"तांबू, लागलं का कुठे?"

बाबांचं लक्ष हातांकडेच.

मामानं झोळीतून भाजलेला अळूचा कंद काढला. बाबांनी खाल्ला. हळूहळू, कण न कण. शेवटचा तुकडा उरला. तो त्यांनी खाल्ला नाही. शर्टाच्या खिशात ठेवला आणि वरून हात दाबला.

मग मामाकडे बघून हसले.

"ओतमार," ते म्हणाले, "तू फार उशीर केलास."

*

आरोग्य केंद्रातल्या नर्सनं सांगितलं, डोक्याला मार बसलाय, असं होतं, माणूस रीतभात विसरतो. येईल पूर्वपदावर.

बाबा बाकी काही विसरले नव्हते. आईचं नाव, घर, बाग, जाळं विणणं, सगळं ठीक. फक्त मामाला ते नावानं हाक मारत. चारचौघांत. जेवताना. "ओतमार, मीठ दे." "ओतमार, तू बस."

पहिल्यांदा ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, तेव्हा बायकांच्या हातातलं काम थांबलं. बेर्था मावशी म्हणाली, "अहो, काय हे! डुक्कर द्या आता!" बाबांनी दुसऱ्या दिवशी डुक्कर दिलं. आणि देताना म्हणाले, "घे ओतमार."

लोक हसले. हसायलाच हवं होतं.

मामा हसला नाही.

आईला रात्री भांडी आवरताना घरभर अन्न सापडायला लागलं. छपराच्या झावळीत खोचलेला अळूचा तुकडा. बांबूच्या पोकळीत वाळलेला भात. चिंधीत बांधलेले चार दाणे, गाठ मारून. एक शब्द न बोलता तिनं ते सगळं परत जागच्या जागी ठेवलं.

सुपारी बाबांनी परत तोंडात घातली नाही.

*

हाडंवाले आले.

आजी या खेपेला काठी घेऊन आली होती. नव्या भोकाशी तिला नेलं. गाव जमलं होतं. आई होती. बाबा होते, आईच्या शेजारी. छत्री मामाच्या हातात.

उदबत्ती. भात.

"तामोत्सु दादाऽऽ! मी आलेय रे! चल घरी!"

सगळे गप्प. रिवाजच तसा. हाक मारल्यावर जरा वेळ थांबायचं.

आणि आतून उत्तर आलं.

खूप बारीक. खूप आतून.

"...तांबू?"

आजीला आमची भाषा येत नव्हती. तिनं दुभाष्याकडे बघितलं. दुभाषी म्हणाला, वारा असेल.

"तांबू... तुम्ही आहात का तिथे?"

जरा नाकातला आवाज. किनाऱ्यावरचा हेल.

नाव घेतलं नाही त्यानं. अंधारात होता, एकटा होता, तरी नाव घेतलं नाही. रीत सोडली नाही.

मामाच्या हातातली छत्री खाली पडली.

मामा सांगतो, तोंड उघडलं होतं. हाक मारायचीच होती. ते नाव, दुसऱ्यांदा. हाक गेली असती तर तो आला असता. पण... कोण आला असता? आणि जो शेजारी उभा होता तो कुठे गेला असता?

त्यानं आईकडे बघितलं.

आईनं ऐकलं होतं. मामा शपथेवर सांगतो, तिनं ऐकलं होतं. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. आणि तिनं बाबांचा हात धरून ठेवला होता. घट्ट. दोन्ही हातांनी.

तिनं मान हलवली. नाही.

"ओतमार," बाबा शांतपणे म्हणाले, "चल घरी. पाऊस येतोय."

पाऊस खरंच आला. कोरड्या दिवसांत, तीन रात्री. चौथ्या दिवशी कड्याची ती बाजू पुन्हा घसरली. भोक बुजलं.

आजी पुन्हा आली नाही. गेली असेल.

पुढच्या वर्षी मी झाले.

*

माझे बाबा फार चांगले आहेत. हे लिहायलाच हवं. त्यांनी मला कधी हात लावला नाही, रागावून. शाळेत सोडायला वेवाकपर्यंत चालत यायचे. माझ्या ताटातलं उरलेलं खायचे आणि एक घास बाजूला ठेवायचे. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे बाबा ठेवतात.

फादर म्हणायचे, भूकंपात घाबरलेला माणूस काहीही ऐकतो. नर्स म्हणायची, डोक्याचा मार. असेल. मला दोन्ही पटतं. दिवसा तर नक्कीच पटतं.

आई या विषयावर बोलत नाही. एकदाच बोलली. मी आणि मामा ओट्यावर होतो. आत जाता जाता ती थांबली, मामाकडे न बघता म्हणाली, "मी सांगितलं होतं, जसाच्या तसा. तू आणलास. मी ठेवून घेतला. आता दोघांनी गप्प बसायचं."

मामा गप्पच असतो. फक्त दर ऑगस्टात कड्यावर जातो. बुजलेल्या जागी बसतो. कोयत्याची पाठ दगडावर दोनदा मारतो. आणि म्हणतो, "तांबू, आहे मी इथे." नाव घेत नाही. वाट बघतो. मग उतरतो.

उत्तर येतं का, हे मी त्याला कधी विचारलं नाही.

मागच्या ऑगस्टात मामाचे गुडघे धरले. म्हणाला, यंदा तू जा.

गेले. ऊन होतं. वरून तो पक्षी गेला, जोडीनं, हुश्श हुश्श करत. मी दगडावर दोन ठोके मारले. कान लावला.

मला काही ऐकू आलं नाही. खरंच सांगते. फक्त दगड गार होता. उन्हातला दगड, आणि गार.

मला त्याला तांबू म्हणता येत नाही, तो माझा तांबू नाही. नाव मी घेणार नाही. राहिला एकच शब्द. तो ओठांवर आला. तोंड उघडलं...

आणि मिटलं.

कारण मी "बाबा" म्हटलं असतं, आणि आतून कुणी "ओ" दिली असती, तर त्या संध्याकाळी घरी जाऊन मी ताट कुणाला वाढलं असतं?